कर नाही, तरी डर

फौजदारी गुन्ह्यात नाव आलं की भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येकजण एकच वाक्य घेऊन येतो. "कर नाही त्याला डर कशाला?" धीर द्यायलाच म्हणतात बिचारे, मनात काही वाईट नसतं. मी ज्या संस्थेचे हिशेब पाहायचो तिथे खोट्या व्हाउचरवर पैसे उचलल्याची फिर्याद माझ्याविरुद्ध झाली, तेव्हा हे वाक्य मी इतक्या तोंडांनी ऐकलं की शेवटी समोरचा "कर नाही" म्हणाला की पुढचं मीच पुरं करायचो. खटला संपून आता बराच काळ लोटला, पण त्या म्हणीशी माझं वैर काही संपलेलं नाही. ज्याने काही केलेलं नाही त्यानेच जास्त घाबरायला हवं, असं माझं ठाम मत झालंय. हातपाय गाळण्याइतकं नको, सावध होण्यापुरतं.

कारण साधं आहे. ज्याने गुन्हा केलाय त्याला सगळं ठाऊक असतं. कधी केला, कोणी पाहिलं, कुठला कागद मागे राहिला, कुठल्या प्रश्नाच्या फार जवळ जायचं नाही. तो तयारीनिशी बसलेला असतो. निर्दोष माणसाला यातलं काहीच माहीत नसतं. आपल्यावर नेमका काय आरोप आहे हेही त्याला हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी कळतं. त्याच्या हातात फक्त "मी नाही केलं" एवढंच असतं, आणि तेवढं पुरेल अशी त्याची समजूत असते.

ही समजूत किती खोलवर असते याचा एक प्रयोग आहे. सॉल कॅसिन आणि रेबेका नॉरविक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तो 2004 साली प्रसिद्ध केला. काही जणांना एका खोलीतल्या खणातून पैसे 'चोरायला' सांगितलं, काहींना नुसताच खण उघडून बंद करायला. मग एका 'पोलिसा'ने सगळ्यांना संशयित म्हणून बसवलं आणि विचारलं: गप्प राहायचा तुम्हाला हक्क आहे, तो सोडून माझ्याशी बोलता का? चोरी केलेल्यांपैकी 36 टक्के बोलायला तयार झाले. काहीच न केलेल्यांपैकी 81 टक्के. का बोललात, असं विचारल्यावर त्यातल्या बहुतेकांचं म्हणणं एकच: मी काही केलंच नाही, मग लपवायचं काय?

आपण खरं बोलतोय हे समोरच्याला दिसतंय, असं आपल्याला वाटत असतं. दिसत नाही. चेहऱ्यावरून खरं-खोटं ओळखण्याच्या शेकडो प्रयोगांचा लेखाजोखा चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी 2006 साली मांडला, तेव्हा माणसांचा अंदाज सरासरी 54 टक्के वेळा बरोबर निघाला. नाणं उडवलं असतं तरी पन्नास टक्के आलेच असते. माझ्या घशाला कोरड पडते, हात थरथरतात, मी अडखळतो. यातल्या एकाही गोष्टीवरून मी चोर आहे की घाबरलेला साधा माणूस आहे हे कोणालाच सांगता येत नाही. मात्र सांगता येतं असं अनेकांना मनापासून वाटतं, आणि धोका तिथेच आहे.

चौकशीला या असा निरोप आला तेव्हा मी एकटाच निघालो होतो. जाऊन दहा मिनिटांत सगळा गैरसमज दूर करून येतो, असं ताईला म्हटलंही. ती दारातच उभी राहिली.

"वकिलाशिवाय तू तिथे पाय ठेवायचा नाहीस."

"अगं, वकील घेऊन गेलो तर म्हणतील, काहीतरी काळंबेरं आहे म्हणूनच आणलाय."

"म्हणू देत."

ताईचं कायद्याचं शिक्षण शून्य. पण माझ्यापेक्षा तिला जग जास्त कळतं हे मी लहानपणापासून बघत आलोय, म्हणून थांबलो. संध्याकाळी ज्यांच्याकडे गेलो ते वकील वयाने मोठे आणि बोलायला अगदी तुटक. त्यांनी माझी हकीकत मध्येच थांबवली. "तुम्ही निर्दोष आहात हे मला पटवू नका. माझं काम त्याने भागत नाही." मला ते चांगलंच झोंबलं. मग त्यांनी चौकशीचे नियम सांगितले. विचारलं तेवढंच सांगायचं. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं. अंदाज सांगायचा नाही. वाचल्याशिवाय सही करायची नाही, आणि चुकीचं उतरवलं असेल तर सही करण्याआधी बोलायचं.

यातलं 'अंदाज सांगायचा नाही' हे सगळ्यात अवघड. प्रामाणिक माणसाला मदत करायची असते. कोणी विचारलं, तेव्हा तिथे कोण कोण होतं, तर तो आठवून आठवून रिकाम्या जागा भरतो. "बहुतेक अमुक असेल, मंगळवारच असणार." बोलताना ते 'बहुतेक' असतं. कागदावर उतरताना 'बहुतेक' गळून पडतं. मग सहा महिन्यांनी तो मंगळवार नव्हताच असं कळतं आणि तुम्ही दुरुस्ती करायला जाता. तोवर तिचं नाव बदललेलं असतं: आरोपीने जबाब फिरवला.

गप्प राहण्याचा हक्क ही काही गुन्हेगारांना दिलेली सवलत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणावर सक्ती करता येणार नाही, हे भारताच्या राज्यघटनेच्या कलम 20(3) मध्ये आहे, अमेरिकेच्या पाचव्या घटनादुरुस्तीतही आहे. पण या हक्काच्या कडा सगळीकडे सारख्या नाहीत. इंग्लंडमध्ये 1994 च्या कायद्यापासून, चौकशीत जी गोष्ट सांगणं अपेक्षित होतं ती न सांगता नंतर कोर्टात बचाव म्हणून पुढे केली, तर न्यायालय त्यावरून तुमच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. म्हणून 'तोंडच उघडू नकोस' हा मित्रमंडळींचा सल्लाही आंधळेपणाने घेण्यासारखा नाही. कधी बोलायचं, किती, लेखी की तोंडी, हे तिथला कायदा रोज वापरणाऱ्या माणसाला विचारून ठरवायचं असतं. शेजारी ज्यांच्या पुतण्याची केस झाली होती त्यांना विचारून नव्हे.

आणखी काही गोष्टी हात शिवशिवत असताना टाळाव्या लागतात. फिर्याद करणाऱ्याला फोन करून "असं का केलंत" विचारणं ही त्यातली पहिली. तुमच्या दृष्टीने तो जाब असतो, त्याच्या वकिलाच्या दृष्टीने साक्षीदाराला धमकावणं, आणि जामीन मिळाला असेल तर तो रद्द करायला ते कारण होऊ शकतं. फोनमधले मेसेज पुसणं ही दुसरी. निरुपद्रवी गप्पा पुसल्या तरी 'पुरावा नष्ट केला' हे वाक्य तयार होतं, आणि कदाचित तुम्हाला सोडवणारी ओळ त्या गप्पांतच असते. तिसरी म्हणजे ग्रुपवर खुलासा टाकणं. मी लांबलचक खुलासा लिहून ठेवला होता, चांगला झाला होता, अजून आहे माझ्याकडे. टाकला नाही.

खरा घोळ तारखांचा असतो, आणि याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

अमुक दिवशी दुपारी तुम्ही कुठे होता? गुन्हेगाराकडे याचं उत्तर असतं, कारण त्याच्यासाठी तो दिवस महत्त्वाचा होता. निर्दोष माणसासाठी तो एक साधा गुरुवार असतो. त्या दिवशी काही घडलंच नव्हतं, म्हणून काही आठवतही नाही. ज्या दिवसाची आठवण नाही त्याचा पुरावा मात्र द्यायचा असतो. हे कोडं मला अजूनही अन्यायाचं वाटतं.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या रोनाल्ड कॉटन या तरुणाचं असंच झालं. 1984 साली बर्लिंग्टन शहरात एका विद्यार्थिनीवर बलात्कार झाला आणि संशय त्याच्यावर आला. तो आपण होऊन पोलिसांकडे गेला आणि त्या रात्री आपण कुठे होतो ते सांगितलं. पण त्याने सांगितला तो दुसऱ्याच शनिवार-रविवारचा हिशेब. आठवड्यांची गल्लत झाली होती. पोलिसांनी तपासलं, जुळेना, झालं: हा खोटं बोलतोय. पीडितेने त्याला आधी फोटोंतून आणि मग ओळखपरेडमध्ये ओळखलं, आणि तिला मनापासून तशी खात्री होती. 1985 साली त्याला जन्मठेप झाली. डीएनए चाचणीने तो निर्दोष ठरला 1995 साली, आणि खरा गुन्हेगार दुसराच एक कैदी निघाला. तारखेची एक गल्लत कुणाच्याही हातून होते. आपण परवा कुठे होतो हे सांगतानाही दोन दिवसांची सरमिसळ करणारी माणसं आपण सगळेच असतो.

म्हणून आमच्या वकिलांनी मला पहिल्याच आठवड्यात कामाला लावलं. आरोपातल्या प्रत्येक तारखेसाठी एक कोरा कागद. त्यावर फक्त सिद्ध करता येतील अशा नोंदी: फोनची बिलं, बँकेच्या व्यवहारांची वेळ, प्रवासाची तिकिटं, हजेरीपट, मेल, फोटो. प्रत्येक नोंदीसमोर ती कुठून मिळाली आणि मूळ कुठे आहे ते लिहायचं. "आठवणी वेगळ्या शाईने लिहा," ते म्हणाले, "आणि त्यांच्यावर भिस्त ठेवू नका." बाकी काही नाही तरी यात घाई हवीच. कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत त्याच जागेवर पुन्हा लिहिलं जातं आणि जुनं नाहीसं होतं. फोन कंपन्याही नोंदी कायम ठेवत नाहीत. त्या जपून ठेवा असं लेखी कळवून पोच घ्यावी लागते, गरज पडली तर न्यायालयाकडून आदेश. खटला उभा राहायला वर्षं लागतात, पण त्याचा बचाव पहिल्या महिन्यातच एक तर गोळा होतो नाहीतर पुसला जातो.

यातला आणखी एक जाच. निर्दोष माणूस बहुतेक वेळा घरी असतो आणि त्याचा साक्षीदार म्हणजे बायको, आई, भाऊ. यांच्या साक्षीला कोर्टात वजन कमी, कारण ते तुमच्यासाठी खोटं बोलतील असं गृहीत धरलेलं असतं. तुम्हाला फारसा न ओळखणारा कुणीतरी परका माणूस त्या दिवशी भेटला असेल तर तो सोन्यासारखा. मला असा माणूस एका तारखेपुरता मिळाला. तो मला विसरून गेला होता, पण त्याच्या नोंदवहीत माझी सही होती.

पुरावा असणं आणि तो ऐकला जाणं या मात्र वेगळ्या गोष्टी. खटल्याच्या काळात मी अशा प्रकरणांबद्दल मिळेल ते वाचत सुटलो होतो (डॉक्टरांनी नको म्हणावं असा उद्योग), त्यातलं अडॉल्फ बेकचं प्रकरण डोक्यातून जात नाही. हा मूळचा नॉर्वेचा माणूस. डिसेंबर 1895 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवर एका बाईने त्याला अडवून 'तूच मला फसवून माझे दागिने नेलेस' म्हटलं. बेकने काय केलं? तो सरळ पोलिसाकडे गेला आणि ही बाई मला त्रास देतेय अशी तक्रार केली. काहीच न केलेला माणूस जसं करील तसंच. अटक त्याला झाली. मग त्याच पद्धतीने फसवल्या गेलेल्या बायकांना बोलावलं गेलं आणि एकीमागून एक त्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. याच पद्धतीने बायकांना फसवणाऱ्या 'जॉन स्मिथ' नावाच्या माणसाला 1877 साली शिक्षा झालेली होती. त्याला तेव्हा पकडणाऱ्या निवृत्त पोलिसाने शपथेवर सांगितलं की स्मिथ तो हाच.

आता बचाव पाहा किती सोपा होता. 1877 साली बेक दक्षिण अमेरिकेत होता आणि ते दाखवता येत होतं. तेव्हाचा स्मिथ आणि आताचा भामटा एकच, तर बेक सुटला. पण सरकार पक्षाने चतुराईने खटला फक्त नव्या फसवणुकींपुरता ठेवला आणि न्यायाधीशांनी 1877 चा विषय आत येऊच दिला नाही. 1896 मध्ये सात वर्षांची सक्तमजुरी. दोन वर्षांनी कागद तपासताना गृहखात्याला कळलं की तुरुंगाच्या नोंदीप्रमाणे स्मिथची सुंता झालेली होती आणि बेकची नव्हती. म्हणजे ही दोन वेगळी माणसं. यावर काय केलं असेल? बेकचा कैदी क्रमांक बदलला. सोडलं नाही.

1901 मध्ये तो सुटला. 1904 मध्ये पुन्हा अटक, पुन्हा बायकांनी ओळखलं, पुन्हा दोषी. न्यायाधीशांच्या मनात या वेळी शंका होती म्हणून त्यांनी शिक्षा सुनावणं पुढे ढकललं, आणि तेवढ्यात खरा भामटा अंगठ्या गहाण टाकताना पकडला गेला. नसता पकडला गेला तर बेक पुन्हा आत गेलाच असता. या प्रकरणाचा गवगवा झाल्यावर 1907 साली इंग्लंडला फौजदारी अपिलांसाठी स्वतंत्र न्यायालय मिळालं. तोवर तिथे अशा चुकीविरुद्ध धड अपीलही करता येत नव्हतं.

खोट्या आरोपात मुळाशी नेहमी एखादा खुनशी माणूस असतो असं आपण धरून चालतो. माझ्या बाबतीत तसा होता, हे मान्य. पण कॉटन आणि बेक यांच्या बाबतीत ओळखणारी माणसं खोटारडी नव्हती, ती चुकलेली होती. खोटं बोलणारा साक्षीदार उलटतपासणीत सापडू शकतो. चुकीची पण प्रामाणिक खात्री असलेला सापडत नाही, कारण तो अडखळतच नाही. डीएनएमुळे अमेरिकेत निर्दोष ठरलेल्या पहिल्या अडीचशे लोकांच्या खटल्यांचा अभ्यास ब्रँडन गॅरेट या कायद्याच्या प्राध्यापकांनी केला, त्यातल्या 190 जणांना साक्षीदारांनी चुकीचं ओळखलं होतं. चाळीस जणांनी तर स्वतःच न केलेल्या गुन्ह्याची कबुली दिली होती.

तज्ज्ञांचंही तसंच. माझ्या खटल्यात हस्ताक्षरतज्ज्ञाने व्हाउचरवरची सही माझी असण्याची शक्यता दर्शवली. त्या रात्री मला फ्रान्सच्या ड्रेफस खटल्यातला बर्तियाँ आठवत होता. 1894 साली कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफसवर जर्मनांना गुपितं विकल्याचा आरोप झाला तो एका चिठ्ठीवरून. तिचं अक्षर ड्रेफसच्या अक्षरासारखं होतं आणि नव्हतंही. बर्तियाँ पोलिसांच्या ओळखपद्धतीतला मोठा माणूस, पण हस्ताक्षर हा त्याचा विषय नव्हे. त्याने सिद्धान्त मांडला की ड्रेफसने स्वतःच्याच अक्षराची नक्कल केली. जुळतं तिथे ते त्याचं, जुळत नाही तिथे त्याने मुद्दाम बदललेलं. यातून सुटका कशी व्हायची? ब्रिटनमधल्या सॅली क्लार्क या वकील असलेल्या आईवर आपली दोन तान्ही बाळं मारल्याचा आरोप होता, तेव्हा एका नामवंत डॉक्टरांनी सांगितलं की एकाच घरात असे दोन नैसर्गिक मृत्यू होण्याची शक्यता 7 कोटी 30 लाखांत एक. त्यांनी एका मृत्यूच्या शक्यतेला तिनेच गुणलं होतं, जणू सख्ख्या भावंडांचा एकमेकांशी संबंधच नाही. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीरपणे हे चूक म्हटलं. पण ती 2003 साली सुटली त्यात मोठा वाटा दुसऱ्याच गोष्टीचा होता: एका बाळाच्या जंतुचाचणीचे निष्कर्ष बचाव पक्षाला कधी दाखवलेच नव्हते. ते बाहेर आले कारण बचावाच्या बाजूने हॉस्पिटलचे कागद नव्याने मिळवले.

कागद, मूळ कागद. आमच्या वकिलांचा तो ध्यास होता. मला वाटायचं आपण एक सबंध गोष्ट मांडावी, फिर्यादीने हे का केलं, पैसे खरे कुठे गेले, कोण कोणाला सामील आहे. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ते शोधणं आपलं काम नाही. एकदा गोष्ट सांगितलीत की ती सिद्ध करायची जबाबदारी तुम्ही अंगावर घेतलीत." 1935 चा वूलमिंग्टनचा निवाडा त्यांचा आवडता. एकवीस वर्षांच्या त्या शेतमजुराच्या बंदुकीतून गोळी सुटून बायको मेली. न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं, अपघात होता हे यानेच पटवलं पाहिजे, आणि त्याला फाशी सुनावली गेली. हाउस ऑफ लॉर्ड्सने ती रद्द करून त्याला सोडलं: आरोप सिद्ध करायचा तो सरकार पक्षानेच. कायद्याच्या पुस्तकात हे वाचायला सोपं आहे. आरोपीच्या जागी उभं राहून गप्प बसणं म्हणजे मात्र सगळ्या अंगाला खाज सुटलेली असताना हात बांधून बसणं.

आम्हाला मिळालेल्या दोषारोपपत्रात त्या व्हाउचरची झेरॉक्स होती. वकिलांनी मूळ व्हाउचर न्यायालयात पाहायला मिळावं म्हणून अर्ज दिला. मला तो वेळकाढूपणा वाटला. मूळ कागद हातात आला तेव्हा त्यांच्या ज्युनियर बाईंनी तो आडवा-उभा फिरवून पाहिला आणि काही न बोलता साहेबांपुढे सरकवला. अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात छापखान्याची ओळ होती. नाव, किती प्रती, आणि छापल्याचा महिना-वर्ष. झेरॉक्स काढताना ती कडेची पट्टी कापली गेली होती. मुद्दाम की आपोआप, ते मी सांगू शकत नाही.

उलटतपासणीच्या दिवशी वकिलांनी फिर्यादीला इकडचं तिकडचं बरंच विचारलं, मग सहज विचारल्यासारखं:

"व्हाउचरची बुकं संस्था छापून घेते?"

"हो."

"या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात काय आहे, वाचून दाखवता?"

त्यांनी चष्मा लावला, वाचलं. लघुलेखकाने टिपलं.

"आता व्हाउचरवर हाताने घातलेली तारीख वाचा."

तीही वाचली. हाताने लिहिलेली तारीख छपाईच्या आधीची होती, चांगली तीन महिन्यांनी.

"आणखी काही विचारायचं नाही," म्हणून वकील खाली बसले. मी मागून बघत राहिलो. विचारा ना पुढचं! न छापलेल्या कागदावर मी सही कशी केली, हे विचारा! बाहेर आल्यावर मी तेच म्हटलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं. मागची तारीख घालायची पद्धत होती म्हणाले असते, आणि कोर्टाने ते लिहून घेतलं असतं. आपण युक्तिवादात बोलू. तेव्हा ते पिंजऱ्यात नसतील."

मधल्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तारीख, पुढची तारीख, साहेब रजेवर, साक्षीदार गैरहजर, पुढची तारीख. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून कळणार नाही. एक मात्र नोंदवतो. याच काळात, कमी गुन्हा कबूल करून टाका, दंडावर भागेल, असं सुचवणारे भेटतात. थकलेल्या माणसाला ते फार गोड लागतं. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसमध्ये 'होरायझन' नावाची संगणकप्रणाली 1999 पासून बसवली गेली आणि ती हिशेबात नसलेली तूट दाखवायला लागली. पोस्ट चालवणाऱ्या नऊशेहून अधिक लोकांना पुढच्या वर्षांत चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. अनेकांना सांगितलं गेलं की असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. चोरीचा आरोप मागे घेतात म्हणून कित्येकांनी खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूल केला. संगणक बरोबरच असणार हे तिथल्या कायद्यातही गृहीत होतं. डिसेंबर 2019 मध्ये न्यायालयाने प्रणालीतच दोष असल्याचं म्हटलं, आणि 2024 मध्ये शेवटी संसदेला कायदा करून त्या शिक्षा सरसकट पुसाव्या लागल्या. आपण एकटेच आहोत असं वाटत असताना कबुलीवर सही करण्यापूर्वी हे प्रकरण प्रत्येकाने एकदा वाचावं. आपल्यासारखा आणखी कोणी आहे का, हे शोधणं हाही बचावच असतो.

मी सुटलो. निकालपत्र बरंच मोठं आहे, छापखान्याची ओळ त्यात एका परिच्छेदात आली आहे, आणि शेवटी 'संशयाचा फायदा देऊन' असे शब्द आहेत. ते वाचून ताई चिडली. संशय कसला, केलंच नाही ना याने? वकिलांनी समजावलं की न्यायालय आरोप सिद्ध झाला की नाही एवढंच सांगतं, तुम्ही किती चांगले आहात याचं प्रमाणपत्र देत नाही. कायद्याच्या दृष्टीने ठीक. गल्लीच्या दृष्टीने फरक पडतो. "सुटला म्हणे" यातला 'म्हणे' कोणत्याही वरच्या न्यायालयात रद्द करून मिळत नाही. शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना हेरगिरीच्या आरोपाखाली 1994 मध्ये अटक झाली, 1996 मध्ये सीबीआयने आरोप निराधार असल्याचं न्यायालयाला कळवलं, 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणावर पडदा टाकला. तरी त्यांची अटक विनाकारण होती हे त्याच न्यायालयाने स्पष्ट म्हणून 50 लाखांची भरपाई द्यायला 2018 उजाडलं. ड्रेफसला 1899 मध्ये माफी मिळाली, पण न केलेल्या गुन्ह्याची माफी त्याला पुरली नाही. नाव स्वच्छ करून घ्यायला 1906 पर्यंत झगडला.

आता तुम्ही खोटी फिर्याद केल्याबद्दल उलटा दावा लावा, असं निकालानंतर सगळ्यांनी सुचवलं. मीही वकिलांना विचारलं. ते म्हणाले, लावता येईल. पण फिर्यादी खटला हरला एवढं पुरत नाही. फिर्याद करताना त्याच्याकडे सबळ कारण नव्हतं आणि त्याच्या मनात द्वेषच होता, हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. म्हणजे आता पुरावा तुम्ही आणायचा, गोष्ट तुम्ही सांगायची, आणि उलटतपासणी तुमची. "तुम्हाला ती गोष्ट सांगायचीच होती ना इतके दिवस?" असंही म्हणाले. मुदत संपायच्या आत काय ते कळवा म्हणून त्यांनी तारीख लिहून दिली. मी ती जाऊ दिली. ताई अजून त्यावरून माझ्याशी भांडते.